मॅडम आणि पोटातली मंडळी

नाशिकला महात्मानगरमधल्या एका बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला मी गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी माझं गाव विचारलं नाही, आडनावही विचारलं नाही. दारातच उभं करून त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात कुठली अँटिबायोटिक घेतलीत?"

मला वाटलं, बाईंना रोगराईची भीती असेल. मी घाईघाईनं म्हणालो, "नाही नाही, मी अगदी ठणठणीत आहे."

"ठणठणीत माणसंच जास्त घेतात. सर्दी झाली की दोन कॅप्सूल. घेतल्यात का?"

"हो. दिवाळीत. बरं वाटलं, मग सोडून दिल्या."

"सर्दी तशीही बरी होणारच होती. पोटातल्या मंडळींना मात्र उगाच शिकवणी लावलीत." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "असू दे. एक तारखेला या राहायला."

या आमच्या मॅडम. शहरातल्या एका कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. अंगावर फिकी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि लुनाच्या पुढच्या जागेत बर्फाचा एक मोठा थर्मास. त्या थर्मासात काय आहे हे कॉलनीतलं कुणी विचारत नसे, कारण एकदा विचारलेल्यानं उत्तर ऐकून दोन दिवस जेवण टाकलं होतं, अशी वदंता होती.

माणसांना नावानं हाक मारायची मॅडमना सवय नव्हती. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, बनवायचो, म्हणून मी "टूलरूम". कोपऱ्यावरचा मेडिकलवाला "शटर". त्याच्या नावामागे इतिहास होता. मॅडम त्याच्या दुकानाशी उभ्या असताना कुणी गिऱ्हाईक आलं आणि चिठ्ठीशिवाय "त्या लाल-काळ्या दोन कॅप्सूल द्या" म्हणालं, की मॅडम मधे पडायच्या. "कशासाठी हव्यात? जुलाब? मग साखर-मिठाचं पाणी प्या. चिठ्ठी असेल तर सगळा कोर्स घ्या, नसेल तर एकही घेऊ नका." गिऱ्हाईक ओशाळून निघून जायचं. शेवटी लांबून लुनाचा आवाज आला की तो बिचारा शटर अर्धं खाली ओढायचा. एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, दोन दुकानं सोडून फुलवाला आहे. तुम्ही थोडं तिकडे उभ्या राहत चला ना."

एरवी लोक भेटले की बरं आहे ना, पाऊसपाणी काय म्हणतंय, असं विचारतात. मॅडम विचारायच्या, "पोट कसं आहे?" पोस्टमनला, शेजारच्या निवृत्त कर्नलना, पुढे माझं लग्न झालं तेव्हा भटजींनाही. उत्तर मात्र त्या खरोखर ऐकून घ्यायच्या, हा त्यातला धोका.

एका गोष्टीवर त्या हमखास चिडायच्या. कुणी म्हणालं, "माझ्या अंगाला आता त्या गोळीची सवय झालीय, लागूच पडत नाही," की मॅडम ताडकन म्हणायच्या, "तुमच्या अंगाला कसली सवय होतेय! सवय त्यांना झालीय." मग समोरच्याच्या पोटाकडे बोट.

*

बंगल्याच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, मॅडमची प्रयोगशाळा होती. दोन फ्रिज, एक लाकडी पेटीसारखा इनक्युबेटर, आणि दोन प्रेशर कुकर. एका कुकरवर त्यांनी तांबडा रंग मारला होता. तो काचेच्या बश्या आणि बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायचा. दुसरा डाळभाताचा. त्या वापरायच्या दोन्ही, पण कुठला कुठे ठेवलाय हे त्यांच्या लक्षात राहील यावर माझ्या बायकोचा, सुनंदाचा, कधीच विश्वास बसला नाही. मॅडमनी जेवायला बोलावलं की ती आधी खाली डोकावून कुकरचा रंग बघून यायची.

आमचं सूत जमलं ते त्या इनक्युबेटरमुळे. त्यातली उष्णता एकसारखी राहीना. मॅडमनी मला खाली बोलावलं. मी थर्मोस्टॅट खोलला, टोकं घासली, एक पट्टी नवीन बनवून बसवली. काम झाल्यावर त्यांनी चहा दिला आणि बक्षीस म्हणून एक काचेची बशी दाखवली. बशीत चायना ग्रासची फिकट पिवळी जेली. तिच्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ थर, आणि त्यावर कागदाच्या गोल टिकल्या चिकटवलेल्या.

"ही साय म्हणजे जंतू. प्रत्येक टिकलीत एक वेगळं औषध. जिथे औषध लागू पडतं तिथे टिकलीभोवती मोकळं अंगण तयार होतं. बघ."

काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल अंगण होतं. तीन टिकल्यांना मात्र साय अगदी खेटून उभी होती.

"या तीन औषधांना हे दाद देत नाहीत," त्या म्हणाल्या. "आता गंमत ऐक. एका जंतूनं तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकायच्या तर जन्म जाईल. पण त्याच्याकडे मूळ पोथीबाहेरचं एक सुटं पान असतं. त्या एका पानावर तिन्ही उतारे लिहिलेले असतात. शेजारी कुणी भेटला की हा त्याला चिकटतो, पानाची नक्कल करून देतो. याचंही पान याच्याकडेच राहतं."

"म्हणजे ड्रॉइंगची झेरॉक्स," मी म्हणालो.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "टूलरूम, हे मी उद्या वर्गात वापरणार."

"आणि ज्याला देतात तो त्यांच्यातलाच असतो का?"

"छे! नातंगोतं बघत नाहीत, जातही बघत नाहीत. आपल्याकडे रोटीबेटीच्या व्यवहाराआधी किती चौकशा! पोटात तसलं काही नाही. रोज आतमध्ये एवढी गर्दी, एवढी ऊब, एवढं खाणं. देवाणघेवाण चालूच. आपण वरून औषध टाकलं की ज्यांच्याकडे पान नाही ते मरतात, पानवाले उरतात. मग सगळं घर त्यांचंच."

त्या दिवशी वर जाताना मी पहिल्यांदाच स्वतःच्या पोटावरून जरा आदरानं हात फिरवला.

*

सुनंदाला सातवा महिना लागला होता. माहेरी, निफाडकडच्या तिच्या गावी, ओटी भरण झालं, आणि ती परत आल्यावर आठवड्याभरात तिला थंडी वाजून ताप भरला. कंबर दुखत होती, लघवीला जळजळत होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. ताप उतरेना. गोळ्या बदलल्या, तरी उतरेना. पाण्याच्या पट्ट्या ठेवून माझे हात गार पडले, पण तिचं कपाळ तव्यासारखंच. ती एकच विचारत होती, "बाळ हलत का नाहीये हो आज?"

मॅडम जिना चढून आल्या. आमच्याकडे वर येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. हातात निर्जंतुक बाटली.

"सुनंदा, औषध सुरू करायच्या आधीच हे करायला हवं होतं. असू दे. यात लघवी दे मला. आणि टूलरूम, तू हिला घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा, घरी ठेवू नकोस."

दवाखान्यात सलाइन लागलं. बाळाचे ठोके नीट होते, एवढं कळल्यावर सुनंदा रडली. मॅडम मात्र गॅरेजमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी जंतू वाढले, मग त्यांच्यावर टिकल्या, आणि त्याच्या पुढच्या सकाळी लुनावरून त्या थेट दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही दिलेल्या दोन्ही गोळ्यांना हा जंतू जुमानत नाही. तिसरंही एक औषध बाद आहे. पण या इंजेक्शनभोवती अंगण मोठं आहे, आणि गरोदरपणात ते चालतं, असं मी वाचलंय. तुम्ही ठरवा."

डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. त्यांनी बशी स्वतः उजेडात धरून पाहिली, मोठ्या प्रयोगशाळेतूनही खात्री करून घेतली आणि इंजेक्शन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सुनंदा उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला पिठलं खावंसं वाटतंय." पुढे दिवस भरल्यावर आम्हाला मुलगी झाली.

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर इथे संपली असती. मॅडमची इथे सुरू झाली.

बाळाला बघायला आल्या, बाळाकडे बघून हसल्या, आणि सुनंदाला विचारलं, "तू आजवर कधी अँटिबायोटिक घेतलीस?"

"नाही हो. आमच्या गावात ताप आला की आजी काढा द्यायची. पहिल्यांदा घेतली ती या आजारातच."

"मग पहिल्याच दिवशी तुझ्यातल्या मंडळींना तीन औषधांचे उतारे पाठ कसे?" मॅडम खुर्चीच्या टोकावर आल्या. "माहेरी काय काय असतं तुझ्या?"

"द्राक्षं," सुनंदा म्हणाली. "आणि अण्णांनी पोल्ट्री टाकलीय."

*

अण्णा म्हणजे माझे सासरे. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. एका रविवारी मी मॅडमना एसटीनं घेऊन गेलो. द्राक्षबागेच्या बांधाला दोन लांबलचक शेड. मॅडम साडीचा पदर खोचून थेट आत शिरल्या आणि कापसाच्या काड्यांनी कोंबड्यांची विष्ठा गोळा करू लागल्या. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, या बाई शिकलेल्या हायेत म्हन्ता ना?"

"लय शिकलेल्या," मी म्हणालो.

मॅडमनी कोपऱ्यातल्या पुड्याकडे बोट दाखवलं. "हे काय घालता पाण्यात?"

"ती पावडर हाय. रोज टाकायची. तिच्यानं मरतुक कमी व्हते अन् पक्षी वजन बी लवकर धरत्यात. समदेच टाकत्यात."

"आजारी नसले तरी?"

"आजारी पडू नाय म्हनूनच तर टाकायची."

मॅडमनी पुड्यावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. सुनंदाच्या बशीतल्या तीन हट्टी टिकल्यांपैकी एक त्याच औषधाची होती.

गॅरेजमध्ये कोंबड्यांचे जंतू वाढले. तीच तीन औषधं बाद. मला वाटलं, लागला तपास. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात नाही. आडनाव एक म्हणून घर एक असतं का?" त्यांनी आणखी चाचण्या केल्या, आणि कोंबड्यांचा जंतू वेगळा, सुनंदाचा वेगळा, असं निघालं. मी हिरमुसलो. त्या मात्र खुशीत आल्या. "म्हणजे जंतू आला नसेलही, नुसतं पान आलं असेल. आता पान खरंच हातोहात जातं का ते बघू."

त्यांच्याकडे एक साधा, निरुपद्रवी जंतू होता. त्या तिन्ही औषधांनी तो मरायचा, आणि गर्दीत ओळखू यावा अशी एक खूण त्याला होती. त्यांनी कोंबड्यांचा जंतू आणि हा साधा जंतू एका नळीतल्या पातळ खाद्यात एकत्र ठेवले, मी दुरुस्त केलेल्या इनक्युबेटरच्या उबेत. दुसऱ्या दिवशी त्यातले काही तिन्ही औषधं घातलेल्या बशीवर पसरले. त्याच्या पुढच्या सकाळी पाहिलं, तर त्या खुणेच्या साध्या जंतूंपैकी कित्येक आता तिन्ही औषधांत मजेत वाढत होते. एका झटक्यात तिन्ही.

मॅडमनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा द्राक्षांची पाटी घेऊन आले. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही बश्या पाहिल्या, आधीची आणि नंतरची.

"म्हंजी ह्यांनी त्याला शिकवलं?"

"हो."

अण्णांचा आवाज पहिल्यांदाच मी इतका खाली गेलेला ऐकला. "मंग माझ्या पोरीला म्याच आजारी पाडलं म्हना की."

मला वाटलं, मॅडम हो म्हणणार. इतकी मेहनत करून आणलेला पुरावा कोण सोडेल? पण त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "अण्णा, ते मला माहीत नाही. रस्ता आहे, एवढंच मी दाखवू शकते. त्या रस्त्यानं कोण गेलं हे मी पाहिलेलं नाही. कोंबड्यांकडून आलं असेल, पाण्यातून आलं असेल, नाशकातल्याच कुणाकडून आलं असेल. जे पाहिलं नाही ते मी तुमच्या माथी मारणार नाही."

अण्णांनी द्राक्षांची पाटी त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "खोटं नाय बोलला, बरं वाटलं. एका शेडची पावडर बंद करतो. बघू काय व्हतं."

पहिल्या खेपेला त्या शेडमध्ये मरतुक वाढली. सासूबाई वैतागल्या. अण्णांनी हट्टानं चुना मारला, गर्दी कमी केली, हवा खेळती केली, आणि हळूहळू घडी बसली. मॅडम अधूनमधून थर्मास घेऊन जायच्या. वर्ष उलटलं तरी त्या शेडमधल्या जंतूंकडे पान होतंच, थोडं कमी झालेलं, पण होतं.

"पावडर बंद करून वरीस झालं की! अजून इसरले कसे नाय?" अण्णांनी विचारलं.

"ओझं जड वाटलं तर माणूस टाकून देतो," मॅडम म्हणाल्या. "यांना ते जड वाटत नसावं. का वाटत नाही, ते मला कळत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं, जसं दुसरं कुणी लॉटरी लागल्याचं सांगेल.

*

मॅडमच्या स्वभावाचा कळस मी पाहिला तो एका संध्याकाळी. खालून त्यांची हाक आली. "सुनंदा! टूलरूम! लवकर या!" आवाज असा, की मला वाटलं गॅरेजला आग लागली. आम्ही धावत खाली गेलो. त्या दारात उभ्या होत्या, केस विस्कटलेले, हातात बशी.

"माझ्यातही आहे!"

झालं होतं असं की कोंबड्यांशी तुलना करायला त्यांना एक स्वच्छ पोट हवं होतं. आपल्याइतकं स्वच्छ पोट नाशकात कुणाचं असणार, या खात्रीनं त्यांनी स्वतःचाच नमुना लावला. अंडं नाही, कोंबडी नाही, कित्येक वर्षांत एक गोळी घेतलेली नाही. आणि टिकल्यांना साय खेटून उभी.

सुनंदा घाबरली. "अगंबाई! मग यात आनंद कसला, मॅडम?"

"अगं, म्हणजे मला काहीच कळलेलं नव्हतं!" त्या हसत सुटल्या. "कोथिंबिरीतून आलं? पाण्यातून? हाताळलेल्या बश्यांमधून? की तुमच्या मुलीनं दिलं? रोज माझ्या मांडीवर बसते ती!" आमची मुलगी तेव्हा त्यांच्याच पायाशी खेळत होती. त्यांनी तिला उचललं आणि गंभीरपणे विचारलं, "काय गं, पोट कसं आहे?"

हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

*

पुढे आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलो. मॅडम निवृत्त झाल्या, गुडघ्यांनी दगा दिला, लुना गेली, गॅरेज बंद पडलं. नवीन शतकाची पहिली काही वर्षं उलटली असतील. त्या बाथरूममध्ये पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, नीटच झालं. पण नंतर जखम चिघळली.

तपासणीचा निकाल सांगायला डॉक्टर आले तेव्हा मी तिथेच होतो. तरुण डॉक्टर शब्द शोधत होते. मॅडमनी चष्मा मागितला, कागद हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. सगळी औषधं बाद. एक सोडून.

"हे उरलेलं मूत्रपिंडाला त्रास देतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच मागे पडलं होतं. पण दुसरा उपाय नाही."

"मग द्या," मॅडम म्हणाल्या. कागद अजून त्यांच्या हातातच होता. "पण हे माझ्या आधीच्या मंडळींचं नाही हो. हे नवीन आहे. इथे आल्यावर कुणाकडून तरी घेतलंय." त्यांनी मान वळवून वॉर्डाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे हात धुवायचं सिंक होतं. बांगड्या सारून नर्स हात धूत होती, उष्ट्या पेल्यातलं पाणीही तिथेच ओतलं जात होतं, उरलेलं सलाइनही. मॅडम बघत राहिल्या. त्यांचा ताप तेव्हा बराच होता, पण डोळे गॅरेजमधलेच.

"टूलरूम, वैशालीकडून काड्या आण. सिंकच्या जाळीचा नमुना घे."

वैशाली त्यांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच जागी कॉलेजात शिकवत होती. मी तिच्याकडून निर्जंतुक काड्या आणल्या. सिंकवर वाकलो तेव्हा नर्सनं विचारलं, "काका, काय करताय?" मी म्हणालो, "पेशंटनं सांगितलंय." तिला हसू आलं, पण तिनं अडवलं नाही. काडी नळीत घालून मी मॅडमना दाखवली. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

जखम औषधाला थोडी दाद देऊ लागली होती. मूत्रपिंडांनी मात्र साथ सोडली. वैशालीच्या बश्या अजून इनक्युबेटरमध्ये होत्या, तेव्हाच मॅडम गेल्या. सुनंदा आणि आमची मुलगी उशाशी होत्या. अण्णा निफाडहून आले, थकले होते, तरी अमरधामपर्यंत चालत आले.

आठवड्याभरानं वैशालीचा फोन आला.

"काका, सिंकमध्ये तोच आहे. तीच सगळी औषधं बाद. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन सांगितलं. आधी चिडले, पण त्या डॉक्टरांनी बाजू घेतली. आता कोपऱ्यातलं सिंक बंद ठेवलंय, नर्सेससाठी दुसरीकडे सोय केलीय."

हे ऐकायला मॅडम हव्या होत्या, एवढंच मनात आलं. मग वाटलं, त्यांनी हे पुरतं ऐकून घेतलं नसतं, मधेच तोडून पुढचं विचारलं असतं.

"वैशाली, पण सिंकमध्ये ते कुठून आलं?"

ती म्हणाली, "तेच मी दोन दिवस डोक्यात घोळवतेय. जाळीवर नुसती टोकं आहेत, खरी वस्ती खालच्या वाकड्या पाइपात असणार. तो खोलून बघायला परवानगी मिळालीय. पण त्यांचा प्लंबर ऐकूनच पळाला. हात लावायला तयार नाही."

सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं काही न विचारता कपाटातून रबरी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"कुणाला हात लावू देऊ नकोस," मी वैशालीला म्हणालो. "पाना घेऊन मी निघालोच."